शिकारीचा चाकू हाताने घडवायचाय, पुढच्या पिढीला देता येईल असा. पोलाद, भट्टी, मूठ याबद्दल सल्ला हवाय

मॅडिसनचा_मी

नमस्कार मंडळी. मी मूळ साताऱ्याचा, सध्या विस्कॉन्सिनला असतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो, शेजारच्या एका आजोबांमुळे मी त्यात ओढला गेलो, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि आता आमच्या घरात वर्षभराचं बरंचसं मटण व्हाइटटेल हरणाचंच असतं. ज्यांना शिकार पटत नाही त्यांचा मान ठेवून सांगतो, इथे ते सगळं कायद्यात बसवून, टॅग (म्हणजे जनावर मारायचा परवाना) घेऊन चालतं आणि जनावराचं काही वाया घालवायचं नाही हे आजोबांनी पहिल्या दिवसापासून बजावलंय.

तर मुद्दा असा की या आजोबांकडे त्यांच्या वडिलांचा चाकू आहे. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली मूठ आहे, हाताच्या तेलाने काळी गुळगुळीत झालीय, आणि पातं धार लावून लावून मूळच्या निम्म्या रुंदीचं राहिलंय, पण अजून दर सीझनला तोच चाकू बाहेर निघतो. मला माझ्या मुलीसाठी असा एक करायचाय. विकत घेऊन नाही, स्वतः. ती मोठी होऊन वापरेल आणि तिच्यानंतर कुणीतरी वापरेल इतका दमदार.

माझ्याकडे गराजमध्ये गॅसवरची छोटी भट्टी आहे, ड्रिल प्रेस आहे, कानशी भरपूर आहेत, बेल्ट ग्राइंडर मित्राकडे आहे तो वापरायला देतो. आता प्रश्न. पोलाद कुठलं घेऊ, साधं कार्बन की स्टेनलेस, कारण जो भेटेल तो वेगळं सांगतो. ठोकून घडवू की पट्टीतून घासून काढू. आणि तिसरं म्हणजे आमच्या साताऱ्याच्या घरात पणजोबांच्या काळातलं सांबराचं शिंग भिंतीवर आहे, ते इकडे आणून त्याची मूठ केली तर फार छान होईल असं मनात आहे, त्याबद्दलही सांगा.

टूलरूमकाका

शिंगाचं आधी सांगतो कारण त्यात उशीर नको. ते भिंतीवरच राहू दे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबराच्या शिंगाचा व्यापारही चालत नाही आणि ते देशाबाहेरही नेता येत नाही, जनावर कुणी आणि कधी मारलं याने फरक पडत नाही, आपोआप गळून पडलेलं शिंग असलं तरी नाही. तिकडे उतरल्यावर अमेरिकेचा लेसी कायदा आहेच, दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आलेली वन्यजीवाची वस्तू आत आणणं हा तिथेही गुन्हा. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणायचा विचारही करू नकोस. साताऱ्याच्या घरी त्याचे वनखात्याचे काही कागद आहेत का तेवढं घरच्यांना बघायला सांग.

आता पोलाद. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय, डाय आणि पंच कडक करण्यात, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या चाकूला १०८४ घे. साधारण ०.८४ टक्के कार्बन, थोडं मँगनीज, बाकी भानगड नाही. हे पोलाद गॅसच्या भट्टीत, डोळ्याने रंग बघून, कोमट कॅनोला तेलात पूर्ण कडक होतं. १०९५ आकड्यावरून थोरलं भावंड वाटेल पण त्याला थंड व्हायला एक सेकंदही जेमतेम मिळतो, साधं तेल तेवढं झटपट उष्णता ओढत नाही, मग वरवर कडक आणि आत अर्धवट असा माल तयार होतो आणि तुला कळतसुद्धा नाही. ५२१०० म्हणजे आपल्याकडचं ईएन ३१, बेअरिंगचं पोलाद, धार सुंदर धरतं, पण त्याला ठरलेल्या तापमानाला दहा मिनिटं तरी एकसारखं ठेवावं लागतं आणि गॅसच्या भट्टीत ते जमवणं फार अवघड.

स्टेनलेसबद्दल. एईबी-एल किंवा मॅग्नाकटसारखी पोलादं खरंच उत्तम आहेत, त्यात दुमत नाही. पण त्यांना हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं, स्टेनलेसच्या पातळ फॉइलमध्ये सीलबंद करून, मग ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून थंड करायचं, नंतर कोरड्या बर्फात घालायचं. हे काम बाहेर पाठवावं लागेल. तुला स्वतः करायचंय म्हणतोस आणि चाकूचा जीव या एका पायरीत असतो, ती दुसऱ्याच्या हातात का द्यायची? शिवाय शंभर वर्षांनी कुणाच्या हातून पातं आगीत गेलं आणि मऊ पडलं तर साधं कार्बन पोलाद कुठलाही लोहार परत कडक करून देईल. गंज धरेल हे खरं, पुसून तेल लावायची सवय मुलीला लावायची.

आता भट्टीचं नीट वाच. पट्टी ३.२ मिलिमीटर जाडीची घे, म्हणजे तुमच्याकडची एक अष्टमांश इंच. आकार काढून झाला की धारेच्या बाजूला पाऊण मिलिमीटर जाडी शिल्लक ठेव, आधीच पातळ केलंस तर तापताना कड जळते आणि तेलात गेल्यावर पातं वाकतं. भोकं कडक करायच्या आधी पाडून घे, नंतर ड्रिल चालणार नाही. मग नॉर्मलायझिंग, म्हणजे ८७० च्या आसपास तापवून हवेत काळं पडेपर्यंत थंड, मग थोड्या कमी तापमानाला तेच, मग आणखी थोड्या कमी. तीनदा. याने आतला दाणा बारीक होतो आणि घडवताना, घासताना बसलेला ताण निघतो. लोक हीच पायरी गाळतात.

कडक करायचं काम संध्याकाळी कर, गराजचा दिवा बंद करून. पातं तापत जाईल तसं लोहचुंबक लावून बघ, ७७० अंशांच्या सुमारास चुंबक धरेनासा होतो. त्याच्या आगेमागे एक गोष्ट दिसेल, ती डोळ्यात साठव. लाल पात्याच्या आत काळसर सावल्या हलताना दिसतात, कडेपासून मध्याकडे सरकत जातात आणि मग नाहीशा होतात. पोलादाची रचना आतून बदलत असते आणि त्यासाठी ते उष्णता शोषून घेतं म्हणून तेवढा भाग क्षणभर काळवंडतो. शेवटची सावली गेली की थोडं अजून, साधारण ८१५ पर्यंत, मिनिटभर एकसारखा रंग ठेव, आणि बाहेर. तेल आधीच ५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं हवं, गार तेल घट्ट असतं आणि उलट हळू थंड करतं. पातं टोकाकडून सरळ उभं घाल आणि धार-पाठ अशा दिशेने पुढेमागे हलव, डावी-उजवीकडे हलवलंस तर वाकणारच.

तेलातून काढल्यावर काही सेकंद पातं अजून नरम असतं, जाड हातमोजे घालून वाक दिसला तर तेव्हाच सरळ करता येतो. त्यानंतर जोर लावलास तर काचेसारखं तुटेल. गार झालं की कानस फिरव. घसरली तर कडक झालं, चावली तर नाही. आणि त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, ओव्हनमध्ये २०५ ते २१५ अंश सेल्सिअसवर दोन तास, गार करून परत दोन तास. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर अजिबात विसंबू नकोस, आत वेगळा थर्मामीटर ठेव आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरून ठेव म्हणजे तापमान वरखाली होणार नाही. कडकपणा साधारण ६० रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास येईल, शिकारीच्या चाकूला तेवढं योग्य.

सगळ्यात महत्त्वाचं, खऱ्या पात्याआधी त्याच पट्टीचा तुकडा असाच कडक करून व्हाइसमध्ये धरून तोडून बघ. तुटलेला भाग राखाडी, मऊसर दिसला तर उष्णता बरोबर होती. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर जास्त तापवलंस.

तेल लोखंडी उभ्या डब्यात, झाकण हाताशी, आणि तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही. घासताना चांगला रेस्पिरेटर घाल, कापडी मास्क चालणार नाही.

कुडाळकरीण

काका तुमचं भट्टीचं सगळं पटलं पण ठोकायचं की घासायचं याचं उत्तर राहिलं ना. माझं माहेर लोहाराचं, अजून भाऊ भट्टी चालवतो, आमच्याकडे कोयते, विळे, पारया, आणि आता लोकं सुऱ्यापण करून मागतात. मी भाता ओढत मोठी झालेय त्यामुळे थोडं बोलते.

मॅडिसनच्या भावाला माझं म्हणणं आहे की निदान टोक आणि मुठीत जाणारा भाग तरी ठोकून घडव, सगळं घासून काढू नकोस. घासून केलेला चाकूपण तितकाच चांगला होतो हे मान्य, पोलादाला फरक पडत नाही. पण तू मुलीसाठी करतोयस ना, मग तिला घणाचा आवाज ऐकू दे, ती पण दोन घाव घालूदे. लहान हातोडी द्यायची, डोळ्याला चष्मा, सुती कपडे, पायात बूट. गोरा लाल रंग असेपर्यंतच ठोकायचं, रंग उतरून विटकरी झाला की परत भट्टीत, काळ्या लोखंडावर ठोकलं की आत चीर पडते आणि ती चीर तेलात गेल्यावर उघडते.

दुसरं, कमानपाट्याबद्दल. इथे कुणी ना कुणी लिहीलच की भंगारातला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घे. आमच्याकडे कोयते पिढ्यान्‌पिढ्या पाट्याचेच होतात आणि उत्तम चालतात, माझ्या आजोबांनी केलेला कोयता अजून नारळ-झावळ्यांवर रोज चालतोय, भाऊ कमरेच्या आकडीत तोच अडकवून माडावर चढतो. पण बाबा पाटा निवडताना आधी हातोडीने वाजवून ऐकायचे, बद्द आवाज आला की बाजूला. वापरलेल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते. आणि कोयत्याचं पाणी, म्हणजे कडक करणं, वेगळं. आम्ही फक्त धारेकडचा भाग पाण्यात धरतो, पाठीत उष्णता ठेवतो, मग कानशीने घासून चकाकी आणायची आणि पाठीची उष्णता धारेकडे उतरताना रंग बघायचे. आधी फिकट सोनेरी, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला जांभळ्यावर थांबवतात कारण तो आपटतो, सुरीला सोनेरीवरच. काकांच्या ओव्हनमधलं २०५ म्हणजे तोच सोनेरी रंग, बाबा थर्मामीटरशिवाय तिथेच थांबायचे. ओव्हनमध्ये घालायच्या आधी पातं थोडं घासून चमकवलंस तर त्याच्यावर तसा रंग आलेला दिसेल, बघ.

मुठीला लाकूड तिथलंच घे. आपल्याकडचं शिसम मागवशील तर परदेशी न्यायला त्याच्या कागदपत्रांची कटकट आहे, आणि मुख्य म्हणजे आमच्या दमट हवेतलं लाकूड तुझ्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात गेलं की आटतं, मग पोलाद मुठीच्या वर आलेलं बोटाला लागतं. तुमच्याकडे अक्रोडाचं लाकूड चांगलं मिळतं ना, काळं अक्रोड, नीट वाळवलेलं घे आणि आधी दोन-तीन महिने त्याच घरात ठेवून दे.

टेक्सासचा_पक्या

वा, काय धागा आहे! मी इकडे अनेक वर्षं हरणं साफ करतोय आणि गेली काही वर्षं चाकूपण करतोय, तर आकारावर लिहितो कारण त्यावर कुणी बोललं नाही आणि माझ्या मते बहुतेक नवे लोक इथेच चुकतात. मोठा चाकू करतात. सिनेमात बघून सात इंची पातं, वर दात, पोट फाडायचा हूक. हरणाला यातलं काही लागत नाही.

पातं साडेतीन ते चार इंच पुरे. टोक पाठीच्या रेषेपेक्षा खाली उतरलेलं हवं, ज्याला इकडे ड्रॉप पॉइंट म्हणतात, कॅलिफोर्नियाच्या बॉब लव्हलेसने हा आकार शिकारी चाकूत रूढ केला, ते २०१० मध्ये गेले पण आजही निम्मे लोक त्यांचीच रेषा गिरवतात. त्याचं कारण कामात कळतं. हरणाचं पोट उघडताना धार वर करून, दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून आतून कातडं उचलत पुढे सरकायचं असतं, तेव्हा टोक वर आलेलं असेल तर ते आतडं फोडतं आणि मग मटण नासतं. उतरलेलं टोक आतड्यावरून सरकत जातं. धारेला पुढे चांगलं पोट हवं, म्हणजे गोलाई, कातडं सोडवताना तेवढीच जागा सतत वापरली जाते.

पाठ अंगठा टेकेल तिथे गुळगुळीत ठेव, तिथे खाचा करायची फॅशन आहे पण थंडीत ओल्या हाताने तासभर काम केलं की अंगठा सोलतो. मूठ मुलीच्या आत्ताच्या हाताच्या मापाची करू नकोस, मोठ्या बाईच्या हाताची कर. आधी मऊ लाकडाची नकली मूठ कर आणि डोळे मिटून धरून बघ, धार कुठल्या बाजूला आहे हे न बघता कळलं पाहिजे. म्हणून मुठीचा छेद लंबगोल लागतो, गोल मूठ हातात फिरते, आणि रक्त-चरबीने बरबटलेल्या हातात फिरणारी मूठ म्हणजे टाके.

काकांच्या एका गोष्टीत भर. पाण्यावरून काढलेल्या पात्याला मूठ बसवायच्या आधी पितळेच्या सळीवर तपासून बघ. धार लावायची, सळी व्हाइसमध्ये आडवी धरायची, पातं साधारण धार लावायच्या कोनात टेकवून दाबायचं आणि सरकवायचं. दिवा मागे ठेवला तर धार दाबाखाली लवताना दिसते. सोडली की सरळ झाली तर जमलं. लवलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर ओव्हनमध्ये दहा अंश वाढवून परत दोन तास. इथल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत जर्नीमनच्या, म्हणजे कारागिराचा पहिला दर्जा मिळवायच्या, परीक्षेला याहून कडक कसोटी असते, इंचभर जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून नव्वद अंशात वाकवायचं, तुटता कामा नये. तुझ्या छोट्या चाकूला हे करायची गरज नाही, वाकवायच्या परीक्षेचं पातं पाठीला मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. पण एक जादा पातं त्याच पट्टीतून करून त्याचे हाल करून बघ. मग मुलीला देताना मनात शंका राहणार नाही.

सांबराच्या शिंगाबद्दल वाचून वाईट वाटलं कारण ते मटेरियल खरंच अप्रतिम, आतून भरीव असतं, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आणि इथल्या जुन्या चाकूंना भारतातून आलेलं तेच असायचं. पण काका म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. तुझ्या स्वतःच्या टॅगवर मारलेल्या व्हाइटटेलचं शिंग वापर. ते आतून जास्त सच्छिद्र असतं म्हणून बुडाकडचा भाग घे, पातळ इपॉक्सी भरून वाळव, आणि घासताना वास येतो तो सहन करायचा नाही, रेस्पिरेटर. ज्या सीझनला मुलगी पहिल्यांदा सोबत येईल त्या वर्षीचं शिंग ठेवलंस तर अजून छान.

मॅडिसनचा_मी

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंय, मनापासून आभार. १०८४ ची ऑर्डर दिली. कुडाळच्या ताई, टोक आणि मुठीचा भाग ठोकूनच करणार, मुलीला सांगितलं तर ती आत्तापासून हातोडी शोधतेय.

मुठीचं अजून ठरत नाही. आजोबांच्या चाकूसारखी चामड्याच्या चकत्यांची करू की पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीला दिसतं तशी, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या लावून? आणि म्यान. म्यानाचं चामडं कुठलं?

टूलरूमकाका

पूर्ण रुंदीची कर. मुठीतलं पोलाद मागे निमुळतं करत न्यायचं, जाडी ३.२ वरून शेवटी दीड मिलिमीटरपर्यंत, म्हणजे वजन पुढे बोटाशी येतं. आत दोन-चार जादा भोकं पाड, इपॉक्सी त्यातून आरपार जाऊन दोन्ही पट्ट्यांना धरतं. पोलाद आणि लाकूड दोन्ही ८० नंबरच्या पेपरने खरखरीत कर, ॲसिटोनने पूस, चोवीस तासांत वाळणारं इपॉक्सी घे, पाच मिनिटांचं नको. शिकंजा फार आवळू नकोस, सगळा गोंद बाहेर येतो आणि कोरडा सांधा राहतो. आणि पितळी पिना दोन तरी हव्यात, गोंद कधीतरी सुटणारच, पिना सुटत नाहीत. पन्नास वर्षांनी लाकूड बदलायचं झालं तर पिना ड्रिलने काढून कुणालाही नवीन मूठ बसवता येईल, मला पिढीजात वस्तूत ही सोय फार मोलाची वाटते.

टेक्सासचा_पक्या

काका, इथे मी थोडा वेगळा आहे. चकत्यांची मूठ पण दुरुस्त होते, मागचा नट काढला की सगळ्या चकत्या सरकवून बाहेर. आणि उणे पंधराच्या थंडीत उघड्या हाताला पोलाद लागलं की जाणवतं, चामडं नाही लागत. विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरचा विचार कर. फक्त एक, चकत्यांत पाणी शिरलं तर आतलं पोलाद दिसत नसताना गंजतं, म्हणून आत जाणाऱ्या भागाला इपॉक्सीचा पूर्ण लेप दे आणि चकत्यांना दरवर्षी मेण. दोन्ही प्रकार टिकतात, त्याने ठरवावं.

चामडं_आणि_दोरा

म्यानासाठी मी लिहितो, मी कोल्हापूरचा, बॅगा-पट्टे करतो. चामडं झाडपाल्यावर कमावलेलं घ्या, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसं, तिकडे व्हेज-टॅन म्हणून मिळेल, तीन ते साडेतीन मिलिमीटर जाड. क्रोमवर कमावलेलं चामडं म्यानाला नको, ते ओलं करून पात्याच्या आकारावर बसत नाही, ढिलं राहतं आणि त्यातले क्षार पात्याला गंज आणतात. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याचीच एक जाड पट्टी घाला, नाहीतर धार टाके कापत सुटते, आणि तो म्यान फाटून मांडीला लागणारा चाकू फार वाईट. मेण लावलेला दोरा, दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून टाका, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. मशीनची शिलाई उसवते.

पातं म्यानात बसवून घ्यायचं असेल तर चामडं ओलं करा, पात्याला तेल लावून प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळा, आत घालून बाहेरून बोटांनी दाबा आणि पातं काढून घेऊन सावलीत वाळू द्या. आणि सीझन संपला की चाकू म्यानात ठेवायचा नाही. व्हेज-टॅन असलं तरी चामडं ओल धरतंच. चाकू पुसून, खनिज तेलाचा हात फिरवून, सुक्या कापडात गुंडाळून वेगळा ठेवा. खायचं तेल लावू नका, काही महिन्यांत चिकट होतं.

नगरचा_बंड्या

मी शिकारीचा नाही पण ट्रेकला, शेतावर वापरायला असाच एक करावासा वाटायला लागलाय. इथे १०८४ कुठे मिळणार? आणि घरी बनवलेला चाकू ठेवला तर पोलीस काही म्हणतील का?

टूलरूमकाका

बंड्या, आपल्याकडे ओएचएनएस माग, कुठल्याही टूल स्टीलच्या दुकानात ग्राउंड फ्लॅट पट्टी मिळते, परदेशात त्यालाच ओ१ म्हणतात. ०.९ टक्क्यांच्या वर कार्बन, थोडं क्रोमियम आणि टंगस्टन, तेलात शांतपणे कडक होतं आणि वाकायचं प्रमाण कमी. ८०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवावं लागतं म्हणून तुझ्याकडे कंट्रोलरची भट्टी नसेल तर एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याला दे, त्याला ५९-६० रॉकवेल हवं असं लिहून दे आणि परत घेताना तपासून घे. एकटं पातं घ्यायला ते कुरकुर करतात, ओळखीतून दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर टाक.

कायद्याचं, शस्त्र कायद्याखालच्या नियमांत पात्याची लांबी ९ इंचांपेक्षा जास्त किंवा रुंदी २ इंचांपेक्षा जास्त असेल तर ते हत्यारात मोडतं, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. चार इंची चाकू त्यात येत नाही. तरी तो शेतावर, डोंगरावर वापर, बाजारात आणि गर्दीत कमरेला लावून फिरू नकोस, आणि काही भागांत वेगळे आदेश लागू असतात ते बघून घे.

मॅडिसनचा_मी

शेवटचं एक विचारतो. मुलीचं आद्याक्षर पात्यावर हवंय. कधी आणि कसं घालू?

कुडाळकरीण

मुठीजवळच्या सपाट भागावर, आणि पाण्यावर द्यायच्या आधी. भाऊ छिन्नीने किंवा ठशाने पातं तांबडं असतानाच घालतो. गार पट्टीवर घालायचं तरी चालेल पण नॉर्मलायझिंगच्या आधी घाल, म्हणजे ठोकलेला ताण निघून जातो. ठशाच्या कडा फार टोकदार नकोत, कोपऱ्यातून चीर सुटते. धारेपासून जितकं लांब घालशील तितकं बरं, कारण धार लावता लावता पातं वर सरकत येतं आणि अक्षर तिच्या नातवंडांपर्यंत राहायला हवं ना.

मॅडिसनचा_मी

समजलं. पट्टी आली की आधी तुकडा तोडून दाण्याचा फोटो टाकतो, काका तुम्ही बघून सांगा, मगच खऱ्या पात्याला हात लावतो.